वाणाची देवघेव

मृगाचा पहिला पाऊस पडून जातो, तापलेली जमीन निवते, वाडीतल्या मातीला वास सुटतो, आणि वसईजवळच्या गिरीज गावात एक जुना व्यवहार सुरू होतो. या व्यवहाराला तराजू लागत नाही, वहीखाते लागत नाही आणि पैसाही लागत नाही. कोणी केळीचे दोन मुनवे खांद्यावर टाकून शेजारच्या वाडीकडे निघतो. कोणी पडवळाच्या बियांची पुरचुंडी पदराच्या टोकाला बांधून बहिणीच्या घरी जाते. एखादा मुलगा ओल्या फडक्यात गुंडाळलेली मोगऱ्याची फांदी दोन्ही हातांनी सांभाळीत चिखलातून वाट काढतो. येताना यांपैकी कोणीही रिकाम्या हाताने परतत नाही. पडवळ दिले तर काकडी मिळते. मोगरा दिला तर जास्वंदीची फांदी मिळते.

मुलांनो, हा व्यवहार पाहावयास साधा आहे. परंतु त्याच्या पोटात मोठे शहाणपण दडलेले आहे. ते कोणते, याचा आज आपण थोडा विचार करू.

गिरीज हे वसई तालुक्यातील गाव. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला; तेव्हापासून वसई तालुका पालघर जिल्ह्यात मोडतो. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईचा इतिहासप्रसिद्ध किल्ला आणि उत्तरेकडे प्राचीन शूर्पारक बंदर, म्हणजे आजचे सोपारे, अशा टापूत हे गाव वसले आहे. घराभोवतीच्या बागायतीला येथे वाडी म्हणतात. नारळ, केळी, नागवेल, फुलझाडे आणि नाना प्रकारची भाजी यांनी वसईच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या बहरत आल्या. या वाड्यांना पाणी मिळे ते विहिरींचे आणि बावखलांचे. बावखल म्हणजे पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरविणारे गोड्या पाण्याचे तळे. पूर्वी त्यांवर रहाट फिरत आणि त्यांच्या पोहऱ्यांतून पाटाला पाणी पडे.

अशा एका वाडीत मी एका वृद्ध बाईंबरोबर हिंडलो होतो. प्रत्येक झाडापाशी त्या थांबत आणि त्याची हकीकत सांगत. ही तांबडी केळ सासऱ्यांनी आगाशीहून आणली. हा सोनचाफा लग्नात मावशीने दिला. हे कोनफळ निर्मळच्या जत्रेत भेटलेल्या एका अनोळखी माणसाने पिशवीतून काढून हातावर ठेवले. हा लाल माठ मात्र घरचाच. कोणी आणला ते सासूलाही ठाऊक नव्हते. वाडीची मालकीण एक. परंतु वाडीतल्या झाडांची माहेरे मात्र अनेक! मला वाटले, की मी एका वाडीत उभा नसून साऱ्या पंचक्रोशीत उभा आहे.

झाडे निरनिराळ्या रीतींनी वाढतात आणि त्यामुळे त्यांच्या देवघेवीच्या रीतीही निरनिराळ्या असतात. पडवळ, दुधी, भेंडी, वाल यांचे बी धरता येते. केळीची गोष्ट वेगळी आहे. आपण खातो त्या केळ्यात पेरण्याजोगे बी नसते. केळीच्या बुंध्याशी जमिनीतून कोंब फुटतात, त्यांना मुनवे म्हणतात. मुनवा काढून दुसरीकडे लावला की नवी केळ तयार होते. याचा अर्थ असा, की एखाद्या जातीची केळ ज्याला हवी असेल, त्याने ती जात असलेल्या माणसाच्या दारी गेलेच पाहिजे. वसईची सुकेळी तुमच्यापैकी काहींनी खाल्ली असतील. पिकलेली राजेळी केळी सोलून, उन्हात कित्येक दिवस वाळवून ती करतात. आजवर ज्यांनी ज्यांनी राजेळीचा मुनवा मागणाऱ्याला दिला, त्या सर्वांचा या गोडीत वाटा आहे. नागवेलीचे बेणे, मोगऱ्याची फांदी, सुरणाचा गड्डा, करांद्याचा कंद ही सारी याच पंक्तीत बसतात.

माझे मत असे आहे, की बियांची आणि रोपांची ही देवघेव म्हणजे केवळ शेजारधर्माची गोड रीत नव्हे. पिकांचे रक्षण करण्याची ती एक विचारी व्यवस्था आहे. ती मोडू देणे हा आपणा सर्वांचा तोटा आहे.

आपल्या भाषेत 'वाण' हा शब्द मोठा मजेचा आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुवासिनी एकमेकींना जी भेट देतात, तिला वाण म्हणतात. आणि बियाण्याची जी विशिष्ट जात, तिलाही वाण म्हणतात. उच्चार एक, अर्थ दोन. परंतु गिरीजच्या वाडीत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदताना दिसतात. तेथे वाण हेच वाण असते! संक्रांतीच्या सुगडात आपल्या आयाबाया हरभरा, ऊस, बोरे, गाजर, गव्हाच्या ओंब्या असे नव्या हंगामाचे धन भरतात. वसईचे ख्रिस्ती शेतकरी नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी देवळात नेतात. रीती निराळ्या असल्या तरी भाव एकच आहे. जमिनीने दिलेले आधी दुसऱ्यापुढे ठेवावे, मग आपण घ्यावे.

देण्यात शहाणपण कसे, ते एका प्रसंगावरून सांगतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार भागात अतिवृष्टी झाली. रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, मिठागरांत राहणारी माणसे पाण्याने वेढली गेली आणि त्यांची सुटका करावी लागली. अनेकांच्या घरांत पाणी शिरले. माझ्या परिचयाच्या एका बागाईतदार बाईंच्या घरातही ते शिरले. कपडे, भांडी, धान्य यांचे नुकसान झालेच. पण त्यांना हळहळ वाटली ती कोनाड्याखालच्या एका मडक्याची. त्या मडक्यात राखेत घोळवून ठेवलेले वालाचे बी होते. ते त्यांना त्यांच्या आईने दिले होते. पाणी ओसरल्यावर त्यांनी मडके उघडले, तेव्हा काही दाणे कुजले होते आणि काहींना मडक्यातच मोड येऊन गेले होते. वाल पेरावयाचा तो भात कापून झाल्यावर, जमिनीतल्या ओलीवर. म्हणजे हंगामाला अजून तीन महिने अवकाश होता आणि घरात पेरण्याजोगा एक दाणाही उरला नव्हता.

दिवाळीच्या सुमारास त्या बाईंना आठवले, की चार वर्षांपूर्वी शेजारच्या गावातील एका ख्रिस्ती कुटुंबाला आपण ओंजळभर वाल दिला होता. संकोचत त्या त्यांच्या दारी गेल्या. घरच्या सुनेने आतून एक डबा आणला आणि त्यांच्या ओच्यात दाणे ओतले.

"पुरे, पुरे! एवढे कशाला?" बाई म्हणाल्या.

"मावशी, हे आमचे नव्हे, तुमचेच आहे," ती सून म्हणाली. "चार वर्षे आमच्याकडे पाहुणे राहिले, एवढेच."

बाईंनी ते दाणे हातात घेऊन पाहिले. तोच रंग, दाण्यावर तीच पांढरी रेघ. घरी येऊन त्यांनी ते पेरले. आणि माघ-फाल्गुनात शेंगा वाळल्यावर सर्वांत आधी दोन घरी पुरचुंड्या धाडल्या.

या प्रसंगात एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बाईंनी जे बी जपून, झाकून ठेवले होते, ते गेले. आणि जे देऊन टाकले होते, तेच उरले. सोने दुसऱ्याला दिले, तर आपल्याजवळचे सोने तेवढे कमी होते. बियांचे गणित उलटे आहे. एक मूठ बी दहा घरी गेले, तर त्या वाणाची दहा कोठारे तयार होतात. एका घरी पूर आला, दुसऱ्या घरी कीड लागली, तिसऱ्या घरी उंदरांनी डाव साधला, तरी चौथ्या घरी ते सुरक्षित राहते.

शिवाय, बी हे कुलपात घालून वर्षानुवर्षे ठेवण्याची वस्तूच नव्हे. त्यात एक इवलासा जीव झोपलेला असतो आणि त्याच्या शिदोरीला मर्यादा असते. घरातल्या मडक्यात ठेवलेल्या भाजीच्या बियांची उगवण्याची शक्ती वर्षागणिक कमी होत जाते. म्हणून वाण जिवंत ठेवावयाचा, तर तो पुनःपुन्हा पेरला पाहिजे. परंतु एका लहानशा वाडीत कोणी काय काय पेरणार? दहा प्रकारचा वाल, सहा प्रकारची वांगी आणि आठ प्रकारच्या केळी एकट्याने सांभाळणे कोणालाही शक्य नाही. दहा शेजाऱ्यांनी मात्र एकेक वाण सांभाळला आणि वेळप्रसंगी एकमेकांना दिला, तर सारे वाण सर्वांचेच राहतात. एक तीळ सात जणांनी वाटून खावा असे आपले वाडवडील म्हणत. मी म्हणतो, तो तीळ सात जणांनी मिळून पेरावा, म्हणजे पुढच्या वर्षी सात गावांना पुरेल!

यावर कोणी विचारील, "आज बाजारात सुबक पाकिटांतून बी मिळते. मग ही पुरचुंड्यांची खटपट कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही रास्तपणे दिले पाहिजे. शास्त्रज्ञांनी परिश्रमपूर्वक तयार केलेल्या सुधारित आणि संकरित बियाण्यांनी देशाचे अन्नधान्य वाढविले आहे. त्यांची निंदा करणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु संकरित बियांचा एक गुणधर्म तुम्ही जाणून घ्यावा. दोन भिन्न वाणांचा संकर करून ते तयार केलेले असते. पहिल्या पिढीत त्याचे पीक जोमदार आणि सारखे येते. पण त्या पिकाचे बी धरून पुन्हा पेरले, तर सारी रोपे सारखी निघत नाहीत. कोणी आजोबांवर जातो, कोणी आजीवर! म्हणून ते बी दर हंगामाला विकत घ्यावे लागते.

देशी वाणाचे तसे नाही. तो त्याच मातीत, त्याच पावसात, तेथल्याच किडींशी झगडत वाढलेला असतो. दरवर्षी चांगल्या वेलीची चांगली शेंग बियाणासाठी राखून ठेवणाऱ्या हातांनी त्याला घडविलेले असते. त्याचे उत्पन्न कदाचित कमी असेल. परंतु एखादा वाण खाऱ्या वाऱ्यात तग धरतो, एखादा कमी पाण्यात निभावतो, तर एखाद्याची चवच अशी असते, की दुसऱ्याला त्याची सर येत नाही. आणखी एक गोष्ट अशी, की नवा वाण तयार करणारा शास्त्रज्ञसुद्धा रोग सोसण्याचा किंवा पाण्याचा ताण सोसण्याचा गुण अशा जुन्या वाणांतच शोधतो. तेव्हा दुकानातले पाकीट आणि आजीचे मडके ही एकमेकांची वैरी नव्हेत. मडके रिकामे झाले, तर पाकीट भरावयाचे कशाने?

सर्वत्र एकच वाण लावल्याने काय अनर्थ होतो, याची साक्ष इतिहास देतो. युरोपातील आयर्लंड या देशात गोरगरीब लोक प्रामुख्याने बटाट्यावर जगत आणि बहुतेक सर्वत्र बटाट्याचा एकच वाण लावीत. सन १८४५ मध्ये त्या पिकावर करपा रोग पडला. एका शेतातले बटाटे ज्या रोगाला बळी पडले, त्याच रोगाला शेजारच्या शेतातलेही पडले, कारण सारे एकाच वाणाचे होते. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे भुकेने आणि साथीने मेली, आणि तितकीच देश सोडून गेली. दारिद्र्य आणि राज्यकर्त्यांची बेपर्वाई यांनी त्या संकटात भर घातली, हे खरे. परंतु शेतात दुसरे दहा वाण असते, तर रोगाला इतके मोकळे रान मिळाले नसते.

याउलट, देण्याने कसे तरून जाता येते, याचेही उदाहरण आहे. नॉर्वे देशाच्या अगदी उत्तरेस, स्वालबार्ड नावाच्या बर्फाळ द्वीपसमूहात, डोंगराच्या पोटात सन २००८ मध्ये एक बीजकोठार उघडण्यात आले. जगातील निरनिराळे देश आणि संस्था आपल्या बियांचे नमुने तेथे ठेव म्हणून ठेवतात. सीरिया देशातील अलेप्पो शहराजवळ गहू, सातू, मसूर अशा पिकांच्या हजारो वाणांचा संग्रह करणारी एक आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्था होती. तिनेही आपल्या बियांचे नमुने तेथे पाठविले होते. पुढे सीरियात युद्ध पेटले आणि तिला आपल्या संग्रहावर पाणी सोडण्याची वेळ आली. तेव्हा सन २०१५ मध्ये त्या संस्थेने स्वालबार्डची आपली ठेव परत मागितली, ती लेबनॉन आणि मोरोक्को या देशांत पेरून वाढविली, आणि सन २०१७ मध्ये नव्याने धरलेले बी पुन्हा कोठारात नेऊन ठेवले. गिरीजकडच्या वालाची गोष्ट आणि ही गोष्ट यांत फरक आहे तो केवळ आकाराचा!

तरीही काही माणसांना वाटते, की आपल्याजवळचा विशेष वाण दुसऱ्याला दिला, तर आपले वैशिष्ट्य ते काय उरले? एखाद्याकडे दुर्मिळ रंगाची जास्वंद असते; कोणी फांदी मागितली, की तो काहीतरी सबब सांगतो. त्याला वाटते, की असे फूल साऱ्या गावात माझ्याच दारी असावे. अशा माणसाने क्षणभर आपल्याच परसात उभे राहून पाहावे. तेथील मिरची, टोमॅटो, बटाटा, पपई, पेरू, सीताफळ, चिकू आणि दसऱ्याच्या तोरणातला झेंडू, यांतले एकही मूळचे आपल्या देशातले नव्हे. ही सारी अमेरिका खंडातील झाडे होत. सन १५३४ पासून सन १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या अंमलाची जुलमी बाजू इतिहासात तुम्ही वाचालच; परंतु पोर्तुगीजांच्या गलबतांतून कित्येक परदेशी झाडे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली, हेही तितकेच खरे. बटाटा, काजू, अननस, पपई हे शब्दसुद्धा त्यांच्याच भाषेतून आपल्या तोंडी आले. मिरचीचे बी ज्याच्या हाती प्रथम पडले, त्याने ते कुलपात ठेवले असते, तर आज आपल्या ठेच्याचे काय झाले असते? ज्याची वाडी दुसऱ्यांच्या देण्यातून उभी राहिली आहे, त्याने आपल्या जास्वंदीला कुंपण घालावे, हे शोभत नाही.

आपल्या महाराष्ट्रातच एका बाईंनी हा विचार आचरणात आणून दाखविला आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे एक आदिवासी खेडे आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांना शाळेत जाण्याची संधी मिळाली नाही. पण घराभोवती उगवणाऱ्या वाल-घेवड्यांचे, भाताचे आणि रानभाज्यांचे ज्ञान त्यांना वडीलधाऱ्यांकडून मिळाले होते. गावातील जुनी बियाणी एकामागून एक नाहीशी होत आहेत, हे पाहून त्यांनी ती गोळा करावयास आरंभ केला आणि आपल्या घरीच त्यांची बँक उभी केली. या बँकेत व्याज आहे, पण ते पैशाचे नव्हे. जितके बी न्यावे, त्याच्या दुप्पट पीक आल्यावर परत करावे, अशी तेथील रीत आहे. लोक त्यांना 'बीजमाता' म्हणू लागले. आणि सन २०२० मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री हा किताब जाहीर केला. विद्यालयाची पायरी न चढलेल्या या बाईंकडे आज विद्यापीठांतील माणसे शिकावयास जातात.

आपल्या देशाच्या कायद्यानेही ही जुनी रीत मानली आहे. सन २००१ मध्ये संसदेने पिकांच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयी एक कायदा केला. नवा वाण तयार करणाऱ्याला त्या वाणावर हक्क मिळावा, अशी त्यात तरतूद आहे. परंतु त्याच कायद्याने शेतकऱ्याला असाही हक्क दिला, की त्याने आपल्या शेतातले बी राखावे, पुन्हा पेरावे, दुसऱ्याला द्यावे, बदलून घ्यावे आणि विकावेही. मात्र व्यापारी नाममुद्रा लावलेले बियाणे म्हणून ते विकू नये. पदराच्या टोकाला बांधलेली पुरचुंडी ही अशा रीतीने शेतकऱ्याचा कायदेशीर हक्कही आहे.

आता या देवघेवीतील एक धोकाही सांगितला पाहिजे; कारण एकच बाजू सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रोपाबरोबर रोगही प्रवास करतो. केळीला पर्णगुच्छ नावाचा रोग होतो. त्यात नवी पाने आखूड होऊन शेंड्याशी गुच्छासारखी गोळा होतात आणि झाडाला घड येत नाही. हा रोग मावा नावाच्या किडीमार्फत पसरतो, तसाच रोगट झाडाच्या मुनव्यांतूनही पसरतो. सन १९४० च्या सुमारास तो श्रीलंकेतून केरळात आला आणि तेथून पुढे पसरला. म्हणून देणाऱ्याने निरोगी झाडाचेच बेणे द्यावे. घेणाऱ्याने नवे रोप काही दिवस इतर झाडांपासून दूर लावून त्याच्यावर लक्ष ठेवावे. परगावाहून किंवा परदेशातून झाडे, बिया लपवून आणू नयेत. तपासणीचे नियम असतात, ते पाळावे. स्वच्छ हाताने दिलेले अन्न जसे अंगी लागते, तसेच निरोगी झाडाचे बेणे दुसऱ्याच्या वाडीला लागते. धोका आहे म्हणून देणे सोडू नये. देताना डोळे उघडे ठेवावे.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, "आम्हांला कोठे वाडी आहे?" खरे आहे. वसईतही आज अनेक वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि कित्येक बावखले बुजली आहेत. परंतु वालाच्या एका वेलाला एक कुंडी आणि एक दोरी पुरते. एखाद्या शेजाऱ्याकडून देशी वालाचे चार दाणे मागून आणा. वेल वाढला, म्हणजे त्याच्यावरच्या पहिल्या चांगल्या शेंगांना तांबडा दोरा बांधा. त्या शेंगा बियाणाच्या; कितीही मोह झाला तरी तोडू नका. त्या वेलीवरच वाळू द्या. मग दाणे काढून ते उन्हात चांगले वाळवा, चाळलेली राख चोळा, कोरड्या बाटलीत भरा, आणि बाटलीवर तीन गोष्टी लिहा: वाणाचे नाव, बी धरल्याचा महिना आणि ज्याने तुम्हांला बी दिले त्याचे नाव. हे तिसरे नाव विसरू नका.

पेरण्यापूर्वी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. चार-सहा दिवसांत आठ दाण्यांना मोड आले, तर बी उत्तम समजावे. चार-पाचच उगवले, तर दाट पेरावे. वालापासून आरंभ करा असे मी मुद्दाम सांगतो. त्याचे फूल बहुधा स्वतःच्याच परागांनी फळते, त्यामुळे वाण शुद्ध राहतो. दुधी आणि काकडी यांच्या फुलांवर मधमाश्या परक्या वेलीचे पराग आणून टाकतात, त्यामुळे त्यांचे शुद्ध बी धरणे जरा कठीण असते. ते पुढे शिका.

वर्गात चाळीस मुले असतील आणि प्रत्येकाने एकच वाण सांभाळला, तरी शाळेच्या एका लहानशा कपाटात चाळीस वाण जमतील. जूनमध्ये शाळा उघडली, की त्यांची वाटणी करावी आणि फाल्गुनात ज्याने त्याने नेले त्याच्या दुप्पट आणून ठेवावे. कोणाचा वेल वाळला, तर त्याला हसू नये. त्याला दुसरे दाणे द्यावे. दुसऱ्याचा वेल वाळला तर त्याला दाणे देता यावेत, म्हणूनच तर हे कपाट आहे.

त्या गिरीजच्या वाडीतून निघताना वृद्ध बाईंनी माझ्या हातावर लाल माठाचे चिमूटभर बी ठेवले. मोहरीहूनही बारीक, काळेभोर आणि चकचकीत. मी विचारले, "आजी, याबद्दल मी तुम्हांला काय देऊ?"

त्या म्हणाल्या, "मला काही नको. उगवले, की तिसऱ्या कोणाला तरी दे."

ते बी उगवले. गेल्या पावसाळ्यात मी तीन घरी ते दिले, आणि प्रत्येक घरी आजींचा निरोपही दिला.

अभ्यास

१. गिरीजच्या वाडीतील झाडांची 'माहेरे अनेक' आहेत, असे लेखक का म्हणतो?
२. 'जपून ठेवले ते गेले आणि देऊन टाकले ते उरले', हे कोणत्या प्रसंगावरून दिसून येते?
३. संकरित बी आणि देशी वाण यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.
४. रोपांची देवघेव करताना कोणती काळजी घ्यावी? का?
५. आपल्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाला एखाद्या झाडाची हकीकत विचारा आणि ती दहा ओळींत लिहा.